गर्भिणीस उपदेश : एका उपेक्षित वाङ्मयशाखेचा विचार

मराठी वाङ्मयात उपदेशाला कधी तोटा पडलेला नाही. राजाने राज्य कसे करावे, शिष्याने गुरूपाशी कसे बसावे, प्रापंचिकाने प्रपंच करून परमार्थ कसा साधावा, हे सांगणारे ग्रंथ आम्ही वर्गात शिकवितो, त्यांच्या भाषेची चिकित्सा करतो, त्यांच्या दृष्टान्तांचे सौंदर्य विद्यार्थ्यांना उलगडून दाखवितो. परंतु गर्भार स्त्रीला आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला उद्देशून जे सांगितले गेले, गायिले गेले आणि पुढे छापले गेले, त्याकडे समीक्षेने गंभीरपणे पाहिल्याचे क्वचितच आढळते. समीक्षकाने तो वैद्याचा प्रांत मानला आणि वैद्याने आजीबाईचा. अशा रीतीने समाजात बहुधा सर्वांत अधिक ऐकले जाणारे हे उपदेशवाङ्मय परीक्षेवाचून राहिले आहे.

ही परीक्षा वैद्यकाची आहे तशी वाङ्मयाचीही आहे, असे आमचे म्हणणे आहे. सल्ला हा शब्दांतून दिला जातो. त्याला सांगणारा असतो, ऐकणारी असते, स्वर असतो, आणि सांगितलेले करावयाचे कोणी याविषयीचे एक गृहीत असते. त्यातील माहिती खरी की खोटी हे वैद्याने ठरवावे. परंतु तो कोणाशी बोलतो आहे, कोणाला कामाला लावतो आहे आणि कोणाला दोषी ठरवितो आहे, हे भाषेच्या अभ्यासकानेच पाहावयाचे असते. प्रस्तुत लेखात आम्ही एवढा एकच प्रश्न घेऊन या वाङ्मयाकडे पाहणार आहोत : उपदेशाच्या वाक्याचा कर्ता कोण ?

हा प्रश्न आम्ही भरवेलीच्या दृष्टीने विचारू इच्छितो, आणि त्यास कारण आहे. बालाघाटजवळचे हे खाणींचे गाव मँगनीजसाठी प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथे खनिज काढले जात आहे, आणि येथील भूमिगत खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींमध्ये गणली जाते. ज्या सरकारी कंपनीकडे ती आहे ती 1962 साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे. 1956 पर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती व बालाघाट त्याच राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत शेजारचा भंडारा जिल्हा मराठी मुलखासह मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. या टापूत मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी अशा बोली एकाच अंगणात ऐकू येतात. मँगनीजच्या उघड्या खाणींत खनिज फोडणे, निवडणे आणि टोपल्यांनी वाहणे ही कामे एके काळी स्त्रिया फार मोठ्या संख्येने करीत. पोटात मूल असताना डोक्यावर टोपली वाहणारी स्त्री आमच्या उपदेशवाङ्मयाला दिसली काय, हे तपासण्यास याहून योग्य स्थळ सहसा सापडणार नाही.

आरंभ संस्कृतापासून करावा लागतो, कारण मराठी घरातील पुष्कळसा उपदेश तेथून झिरपत आलेला आहे. चरकाच्या शारीरस्थानात गर्भिणीसंबंधी एक विलक्षण उपमा आहे. काठोकाठ तेलाने भरलेले पात्र हिंदकळू न देता जसे न्यावे, तसा गर्भिणीचा सांभाळ करावा, असे तेथे सांगितले आहे. या उपमेची कोमलता सर्वांच्या ध्यानात येते, परंतु तिची वाक्यरचना सहसा कोणी पाहत नाही. त्या वाक्यात गर्भिणी ही कर्ती नाही. कर्ता आहे तो तिची काळजी वाहणारा. पात्र हिंदकळू न देण्याची जबाबदारी पात्रावर टाकलेली नाही, ती हातांवर टाकलेली आहे. चरकाने गर्भिणीलाही पथ्ये सांगितली आहेत, हे खरे. पण ती सारी या एका वाक्याच्या छायेत वाचावयाची असतात.

सुश्रुताने चौथ्या महिन्यातील डोहाळ्यांचा विचार करताना गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले आहे. एक तिचे आणि एक गर्भाचे. तिची इच्छा पुरी न केल्यास अपत्यात व्यंग निर्माण होते, असेही तो सांगतो. आजच्या शास्त्राला हा कार्यकारणभाव मान्य होणार नाही. तथापि या धाकाचा रोख कोणाकडे आहे हे पाहण्यासारखे आहे. 'तू असे वागलीस तर तुझ्या मुलाचे वाईट होईल' असे तो गर्भिणीला सांगत नाही. 'तुम्ही हिला हवे ते दिले नाही तर मुलाचे वाईट होईल' असे तो घरच्यांना सांगतो. धाक चुकीच्या शरीरशास्त्रावर आधारलेला असला, तरी त्याचे ओझे बाईच्या खांद्यावर ठेवलेले नाही.

काव्यात हाच संकेत आला आहे. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त वडीलधाऱ्यांचा निरोप घेऊन अष्टावक्र येतो आणि सीतेचे जे डोहाळे असतील ते विनाविलंब पुरवावेत असे सांगतो. हा निरोप रामाला आहे. पुढे चित्रदर्शनानंतर सीतेला अरण्यात पुन्हा हिंडावे, भागीरथीच्या जळात स्नान करावे अशी इच्छा होते, आणि राम लक्ष्मणास रथ सिद्ध करण्यास सांगतो. त्याच रथातून तिचा त्याग होतो. या नाटकातील करुणरसाची चर्चा आम्ही पुष्कळ करतो, परंतु त्याचे एक मूळ येथे आहे. विचारून घेतलेली इच्छाच येथे तिला घराबाहेर काढण्याचे साधन ठरते. हा प्रसंग इतका दारुण वाटतो, कारण गर्भिणीला 'काय हवे' असे विचारणे हे विचारणाऱ्याने पत्करलेले वचन असते, अशी श्रोत्यांची पक्की समजूत आहे.

मराठीत हे वचन डोहाळ्यांच्या रूपाने आले. एकनाथांच्या 'भावार्थ रामायणा'त दशरथ राण्यांना त्यांचे डोहाळे विचारतो. कौसल्येच्या प्रसंगाला तेथे अध्यात्माचे रूप येते, पण प्रसंगाचा सांगाडा घरगुतीच राहतो : कोणीतरी येऊन विचारतो आणि गर्भार स्त्री सांगते. लोकगीतांतील डोहाळ्यांची घडण नेमकी हीच आहे. महिन्यामागून महिना मोजला जातो, प्रत्येक महिन्याला एक प्रश्न असतो आणि प्रत्येक प्रश्नाला तिच्या जिभेचे किंवा मनाचे एक उत्तर. आंबट हवे, मोकळ्यावर बसावेसे वाटते, माहेरी जावेसे वाटते. सातव्या महिन्यातील डोहाळजेवणात हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, ओटी ही सारी सामग्री येते ती या उत्तरांची दृश्य रूपे म्हणून. सासू, नणंद, जाऊ, शेजारीण अशा सर्वजणी त्या प्रसंगी हजर असतात. उपदेश असा शब्द तेथे कोणी उच्चारत नाही. पण घराने या बाईशी आता निराळे वागावयाचे आहे, हे सर्वांसमक्ष ठरून जाते.

बाळंतपणानंतरचे संकेतही याच दृष्टीने वाचता येतात. पहिल्या खेपेला माहेरी जाणे, सव्वा महिन्याची विश्रांती, डिंकाचे व अळिवाचे लाडू, तेल लावणे, शेक देणे, बाळंतविडा घेऊन येणे, या प्रत्येक गोष्टीत काम करणारे हात दुसऱ्याचे आहेत. सुवेराच्या विटाळाबद्दल आज आम्हांस प्रेम असण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात सुनेला एरव्ही चूल सोडता येत नसे, त्या घरात तिला काही दिवसांची सुटी मिळाली ती या विटाळाच्या आडोशाने, हेही विसरता येत नाही. विश्रांती हा हक्क म्हणून मागता येत नव्हता, म्हणून तो दोष म्हणून मिळाला. पाळणागीतांचे आणि बाळाविषयीच्या ओव्यांचे संग्रह आमच्यापाशी आहेत. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात ओव्या जमविल्या, दुर्गाबाई भागवत व सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला भरीव रूप दिले. या सामग्रीत वत्सलरस किती आहे हे पुष्कळांनी दाखविले आहे. घराच्या कर्तव्यांची यादी तेथे किती आहे, हे अजून मोजावयाचे आहे.

तथापि या परंपरेचे गुण सांगून थांबणे हा अप्रामाणिकपणा होईल. तिचे दोन मोठे दोष आहेत. पहिला ज्ञानाचा. प्रसूतीनंतरचे पहिले पिवळसर घट्ट दूध वाईट म्हणून पिळून टाकणे, बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटविणे, बाळंतिणीला पाणी तोडणे, धुराने कोंदलेल्या अंधाऱ्या खोलीत तिला ठेवणे, या चाली गीतांच्या सोबतीनेच चालत आल्या. त्याच पहिल्या दुधात बाळाला रोगांपासून वाचविणारी द्रव्ये असतात, हे आज निर्विवाद आहे. मायेने केलेल्या या चुका बाळांना व बाळंतिणींना घातकच ठरत होत्या.

दुसरा दोष गृहीताचा. डोहाळे विचारणाऱ्या गीताला भरलेली कोठी, विचारणारे घर आणि जवळचे माहेर अभिप्रेत आहे. ज्या घरात हे काहीच नाही तेथे प्रश्न विचारणार कोण ? बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपाने आले, तेव्हा मराठी वाचकाला या प्रश्नाचे उत्तर मिळाले. महार वस्तीतील कोवळ्या वयाच्या मुलींची बाळंतपणे, अडाणी हातांनी होणारे हाल, आणि बाळंत झाल्यावर पोटात घालायला काही नसणे, हे त्यांनी ज्या निर्लेप भाषेत सांगितले आहे, ती वाचल्यावर फुलांच्या वाडीचे वर्णन पूर्वीसारखे वाचता येत नाही. हे पुस्तक उपदेशपर नाही. परंतु उपदेशवाङ्मयाची याहून कठोर समीक्षा आम्हांस ठाऊक नाही. बाळंतिणीने काय खावे हे सांगणाऱ्याने तिच्या घरी काय आहे ते आधी पाहिले पाहिजे, एवढे ते पुस्तक वाचकाला कायमचे शिकविते.

आता छापील वाङ्मयाकडे वळू. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या होत्या आणि त्यांचे मूल दहाच दिवस जगले होते. जुन्या ग्रंथांतील प्रसूतिविचार त्यांनी परकीय परीक्षकांपुढे मांडला, ही घटना प्रतीकासारखी आहे. गर्भिणीविषयीचे ज्ञान येथून पुढे घरातून बाहेर पडले आणि दवाखान्यात, पुस्तकात व मासिकात राहावयास गेले. 1923 साली र. धों. कर्वे यांचे 'संततिनियमन' निघाले. त्यांचे 'समाजस्वास्थ्य' 1927 पासून 1953 पर्यंत चालले. 1930 साली निघालेल्या 'स्त्री' मासिकासारख्या नियतकालिकांनी मध्यमवर्गीय वाचक स्त्रीला स्वतःच्या शरीराविषयी व संसाराविषयी वाचण्याची सवय लावली. या साऱ्याने किती जीव वाचले असतील याची गणती नाही. कर्व्यांचा एक विशेष येथे नोंदविला पाहिजे. त्यांनी बाळंतपण हे दैव मानले नाही, ते ठरवून पत्करावयाचे किंवा टाळावयाचे कृत्य मानले, आणि त्या ठरविण्यात पुरुषालाही जबाबदार धरले. तो त्यांच्या वाक्यांत कर्ता म्हणून हजर असतो.

परंतु या वाङ्मयाचा जो सर्वसाधारण नमुना रूढ झाला, त्यात पुरुष राहिला नाही आणि घरही राहिले नाही. गर्भिणीने अमुक खावे, तमुक टाळावे, पहाटे उठावे, मन प्रसन्न ठेवावे, चिंता करू नये. विध्यर्थाची ही रांग वाचताना लक्षात येते, की प्रत्येक वाक्याची कर्ती तीच एक बाई आहे. माहिती वाढली, पण वाक्यातून बाकीची माणसे निघून गेली. मन प्रसन्न ठेवावे हे सांगणे सोपे आहे. ते मन कोणी खिन्न करू नये हे सांगणारे वाक्य शोधावे लागते. डोहाळ्यांच्या गीतात ज्ञान कमी होते आणि सोबत पुष्कळ होती. छापील उपदेशात नेमके उलट झाले.

या प्रवृत्तीचे टोक आजच्या गर्भसंस्कारविषयक वाङ्मयात दिसते. डॉ. बालाजी तांबे यांच्या 'आयुर्वेदीय गर्भसंस्कार' या पुस्तकाला मराठी घरांत मिळालेला प्रचंड वाचकवर्ग पाहता, हा प्रकार किती लोकप्रिय आहे याविषयी शंका उरत नाही. गर्भिणीची काळजी घ्यावी, तिने चांगले ऐकावे, चांगले खावे, याला कोणाची हरकत असणार नाही. आमची हरकत या प्रकाराच्या आवडत्या दृष्टान्ताला आहे. अभिमन्यूने गर्भात असताना चक्रव्यूहाचा भेद ऐकला, पण सुभद्रेला झोप लागली म्हणून बाहेर पडण्याची युक्ती राहून गेली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. महाभारताच्या द्रोणपर्वात अभिमन्यू एवढेच सांगतो, की व्यूह फोडणे पित्याने शिकविले आहे, परंतु संकटप्रसंगी बाहेर पडणे आपणांस ठाऊक नाही. आईच्या झोपेची भर लोककथेने घातली आहे. या भरीचा अर्थ काय होतो ? रणात पराक्रमी योद्ध्यांनी एका मुलाला घेरून मारले, आणि दोष गर्भार बाईला लागलेल्या डुलकीवर आला. गर्भिणीला झोप अधिक लागते व ती तिला मिळालीच पाहिजे, हे कोणताही वैद्य सांगेल. जो दृष्टान्त तिच्या झोपेचा अपराध करतो, तो उपदेशाच्या कामाचा नाही. सुश्रुताचा धाक घरावर होता. हा धाक आईवर आहे, आणि प्रसूतीनंतर मुलात काही उणे दिसले की तो तिच्या मनात जन्मभर घर करतो.

येथवरच्या विवेचनात टोपली वाहणारी बाई कोठेच आली नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. चरकाच्या दृष्टीपुढे सेवकांनी भरलेले घर होते, गीतापुढे कोठी होती, मासिकापुढे वाचता येणारी गृहिणी होती. भरवेलीच्या खाणकामकरी स्त्रीशी पहिल्याने कोण बोलले ? आमच्या मते तिच्याविषयी पहिल्याने बोलला तो कायदा. ना. म. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले. त्यात खाणींतील स्त्रियाही होत्या. ते संमत झाले नाही. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात अशाच विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूतीच्या काळातील विश्रांती हे राष्ट्राच्या हिताचे काम आहे असे प्रतिपादन केले. 1929 साली मुंबई प्रांतात आणि 1930 साली मध्यप्रांतात कारखान्यांतील स्त्रियांसाठी कायदा झाला. खाणींतील स्त्रीला 1941 पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या खाण प्रसूतिलाभ कायद्याने प्रसूतीपूर्वीचे चार व नंतरचे चार आठवडे तिला साहाय्य देऊ केले. पुढे 1961 च्या सर्वसाधारण कायद्याने ही मुदत बारा आठवड्यांची झाली. 2017 च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांपुरती सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि ही तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आली.

कायद्याला वाङ्मय म्हणावे काय, असा प्रश्न विद्वान मंडळी विचारतील. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो, की 1941 च्या त्या रूक्ष कलमांत चरकाची वाक्यरचना परत आली आहे. प्रसूतीनंतरच्या चार आठवड्यांत स्त्रीने कामावर जाऊ नये एवढ्यावर कायदा थांबत नाही. खाणीच्या मालकाने तिला जाणूनबुजून कामावर ठेवता कामा नये, असे तो सांगतो. कर्ता बदलला आहे. पात्र हिंदकळू न देण्याचे काम पुन्हा हातांकडे आले आहे, आणि हे हात या वेळी मालकाचे आहेत. सासूने विचारावयाचे डोहाळे जिच्या नशिबी नव्हते, तिच्यासाठी हा प्रश्न राज्याने विचारला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र कायद्याचा लाभ हजेरीपटावर नाव असलेल्या स्त्रीलाच पोहोचतो. रोजंदारीवरील, ठेकेदाराकडील किंवा घरीच राबणारी स्त्री आजही पुष्कळदा त्याच्या बाहेर राहते. म्हणून कायद्याने वाङ्मयाचे काम संपत नाही.

मग आज भरवेलीत एखाद्या गर्भार स्त्रीच्या घरी जो सल्ला पोहोचावयाचा, तो कसा असावा ? आमचे मत असे, की त्यात ज्ञान आजच्या शास्त्राचे आणि वाक्यरचना डोहाळ्यांची असावी. प्रथम विचारावे आणि मग सांगावे, आणि जे सांगावयाचे ते शक्य तेथे घराला सांगावे. 'लोहाच्या गोळ्या घ्याव्यात' या वाक्यापेक्षा 'रोज जेवणानंतर तिला गोळीची आठवण नवऱ्याने करावी' हे वाक्य अधिक उपयोगी आहे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय पाहणीत देशातील 52.2 टक्के गर्भिणी रक्तक्षयी आढळल्या. हा आकडा केवळ स्त्रियांच्या आळसाचा नव्हे, घरातल्या ताटांच्या वाटणीचाही आहे. सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईला 'पौष्टिक खा' असे सांगणे ही थट्टा होय. 'तिला आधी वाढा' असे सांगणे हा सल्ला होय.

स्थळाचेही भान हवे. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या पूर्व मध्यप्रदेशाच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 2023 साली मध्यप्रदेशातील शहडोल येथूनच सुरू झाली. म्हणून येथील गर्भिणीचे व तिच्या नवऱ्याचेही रक्त आरंभीच तपासून घ्यावे, आणि विकार आढळल्यास लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या विचारानेच द्याव्यात, हे वाक्य पुण्याच्या पुस्तकात नसले तरी भरवेलीच्या पत्रकात असले पाहिजे. बालाघाटच्या रानातील हिवतापाचेही तेच. गर्भारपणी हिवताप आईला व गर्भाला दोघांनाही घातक ठरतो, तेव्हा घरातली मच्छरदाणी पहिल्याने तिला द्यावी. रक्तस्राव, असह्य डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, झटके, ताप, पोटातील बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरातील कर्त्या माणसाने मुहूर्त, पैसा वा परवानगी यांची वाट न पाहता तिला दवाखान्यात न्यावे. गाडी कोणाची, सोबत कोण, मागे मुलांजवळ कोण, हे आठव्या महिन्यातच ठरवावे.

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आत त्याला अंगावर घेऊ द्यावे, पहिले दूध टाकू नये, सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, हे सांगताना आजीला अपराधी ठरवू नये. तिच्याकडे तेल, शेक, लाडू आणि अंगाई ही कामे सन्मानाने सोपवावीत व मधाचे बोट तेवढे मागे घ्यावयास लावावे. रात्री बाळ किती वेळा उठते याचा हिशेब आईच्या एकटीच्या डोळ्यांनी फेडावयाचा नाही. दूध पाजणे तिचे असले, तरी लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, पहाटे फिरविणे ही कामे बापाच्या हातून उत्तम होतात. प्रसूतीनंतर काही दिवस मन भरून येते, कारणावाचून रडू कोसळते. पुष्कळ स्त्रियांना हे होते व बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्याहून अधिक काळ उदासी टिकली, झोप उडाली, बाळाकडे पाहवेनासे झाले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो नखरा नव्हे व बाधाही नव्हे. तो उपचाराने बरा होणारा आजार आहे, हे सासूला, नवऱ्याला व शेजारणीला ठाऊक असले पाहिजे. आजारी मनाला स्वतःचा आजार ओळखता येईलच असे नाही. म्हणून हे वाक्य प्रथम घरासाठीच लिहावयाचे असते.

राहिला भाषेचा प्रश्न. आशा कार्यकर्ती दारी येते तेव्हा ती ज्या बोलीत बोलते, ती पुष्कळदा तिच्या हातातील पत्रकाची भाषा नसते. भरवेलीसारख्या ठिकाणी पत्रक हिंदीत असते, घरात पोवारी, गोंडी किंवा मराठी असते, आणि नेमके धोक्याच्या लक्षणांचे शब्द या भाषांतरात निसटतात. झटका, चक्कर, भोवळ, अंगात येणे, या शब्दांच्या सीमा प्रत्येक बोलीत निराळ्या आहेत. एका शब्दाच्या गैरसमजाने एक रात्र वाया जाऊ शकते, आणि प्रसूतीच्या बाबतीत एक रात्र हा फार मोठा काळ आहे. हे काम वैद्यांना एकट्याने जमणार नाही. ते भाषेच्या अभ्यासकांचे काम आहे.

म्हणून आमची विनंती साहित्यसंस्थांना व अध्यापकांना आहे. सीमेवरील जिल्ह्यांतील डोहाळे, पाळणे व सुइणींची बोली यांचे संकलन व्हावे, ते केवळ रसास्वादासाठी न होता शब्दांच्या अर्थच्छटांसाठी व्हावे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना उपदेशवाङ्मयाचे एखादे पान देऊन त्यातील प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधावयास सांगावे. व्याकरणाचा हा साधा पाठ त्यांना पुष्कळ काही शिकवील. आणि जो कोणी यापुढे गर्भिणीसाठी मराठीत लिहील, त्याचे पुस्तक परीक्षणासाठी आमच्या नियतकालिकांनी इतर ग्रंथांच्या पंक्तीत स्वीकारावे.

अशा पुस्तकाचे परीक्षण करताना आमची कसोटी साधी राहील. त्यातील माहिती निर्दोष आहे काय, हे आम्ही डॉक्टरांना विचारू. नंतर त्यातील 'करावे' आणि 'करू नये' ही सारी वाक्ये काढून, त्यांतील किती घराला, नवऱ्याला, मालकाला व गावाला उद्देशून आहेत आणि किती एकट्या बाईला, हे मोजू. ज्या पुस्तकात दुसरा आकडा पहिल्याहून फार मोठा असेल, ते कितीही शास्त्रशुद्ध असले तरी अपुरे आहे, असे आम्ही निःसंकोच म्हणू.